मैलाचा म्हसोबा

बारामतीतून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की बंगल्यांची एक रांग संपते आणि माणूस म्हणतो, चला, आता शेतं लागली. तोवर दुसरी रांग सुरू होते. या दोन रांगांच्या मधोमध झुंबरतात्यांचं वांग्याचं आणि मेथीचं रान आहे. चिंचमळा म्हणतात त्या भागाला. चिंचा रस्ता रुंद करताना गेल्या, मळा प्लॉटवाल्यांनी गिळला, आणि नाव तेवढं मागं राहिलं. कमानीवर आता इंग्रजी नाव झळकतं. ते तात्यांना उच्चारता येत नाही, आणि येत असतं तरी त्यांनी उच्चारलं नसतं.

तात्या उंच, जरासे वाकलेले. डोक्याला टोपी, आणि उजवा गुडघा कामातून गेलेला. अख्खा जन्म पाटाच्या पाण्यावर भाजीपाला करण्यात गेला. बोलणं कमी, पण बोलले की तिरकं. जमीन विकून मोकळे व्हा म्हणून शहाणपण शिकवायला येणाऱ्याला ते आधी चहा पाजायचे आणि मग विचारायचे, "तुमचं घर केवढ्याला दिताय?"

अशा माणसाला रस्त्यानं नमवलं. त्यांचं घर रस्त्याच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे, सगळं दुःख एवढ्यात आलं. पूर्वी हा रस्ता इतका अरुंद होता की समोरून एसटी आली तर बैलगाडीवाला शिव्या देत खाली उतरायचा. तात्यांचा मुलगा लखन याच रस्त्यावर गोट्या खेळत खेळत शाळेत गेला. आता लखनची मुलगी प्राची त्याच शाळेत जाते, आणि तिला रस्ता ओलांडून देणं हे घरातलं सगळ्यात जोखमीचं काम होऊन बसलं. लखन कंपनीत पाळीला जायचा. सून मोना कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला. तात्यांची बायको सरुबाई, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. उरले तात्या. म्हणजे लंगड्याच्या हातात पोरीचा हात.

रस्ता करणाऱ्यानं मोटारवाल्याचा विचार केला, ट्रकवाल्याचा केला, पाइपलाइनवाल्याचाही केला. पायी चालणारं माणूस नावाचा प्राणी अजून शिल्लक आहे, हे मात्र त्याच्या गावीच नव्हतं. मध्ये दुभाजक नाही, कडेला पायवाट नाही, ओलांडायला पांढरे पट्टे नाहीत. त्यात कारखान्यांचं गाळप सुरू झालं की विचारू नका. एकेका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, वर माडीएवढा ऊस, आणि गाण्यांचा असा दणदणाट की शेजारून कोण ओरडलं तरी ऐकू येऊ नये. चालवणारा बहुतेक मिसरूड न फुटलेला. त्यानं ब्रेक लावला तरी मागची ट्रॉली त्याचं ऐकेलच असं नाही.

एका सकाळी तात्यांचा गुडघा बरोबर रस्त्याच्या मध्यावर धरला. पुढं पाऊल पडेना, मागं जाववेना. एका अंगानं उसाचा ट्रॅक्टर, दुसऱ्या अंगानं सुसाट मोटार, आणि मधोमध हे दोघं. "आबा, चला ना! चला ना!" म्हणत प्राचीनं त्यांना धोतराला धरून ओढलं. पलीकडे पोचल्यावर पोरगी हसायला लागली, तिला ती गंमत वाटली. तात्या तिथंच मातीत बसले. आपण तिला शाळेत नेत नाही, तीच आपल्याला नेते, आणि एक दिवस आपल्यापायी ही पोर जाणार, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं.

त्यानंतर त्यांनी ऑफिसं पालथी घातली. पहिल्या ऑफिसातल्या साहेबानं सांगितलं, रस्ता आमच्याकडं येत नाही. दुसऱ्या ऑफिसातल्या साहेबानं सांगितलं, रस्ता आमचा, पण कडेची वस्ती आमची नाही. गतिरोधक मागितला तर म्हणे अशा रस्त्यावर देता येत नाही. पट्टे मागितले तर म्हणे शाळेनं मागायला हवेत. शाळेनं मागितले तर साहेबाची बदली झालेली. एका शिपायानं तात्यांना बाजूला घेऊन खरं ते सांगितलं, "तात्या, एकांदं माणूस गेल्याबिगर हितं काय व्हत न्हाय." तो बिचारा चांगल्या मनानं बोलला.

तात्या त्या दिवशी सहा आसनी रिक्षानं घरी येत होते. कालव्याच्या पुलाजवळ रिक्षा मंदावली. पुढचा ट्रक मंदावला, त्याच्या पुढचा टेम्पोही. पुलाच्या कडेला शेंदूर फासलेला जुना म्हसोबा आहे. प्रत्येक ड्रायव्हरनं तिथं पाय सैल सोडला, हात कपाळाला लावला आणि मग पुन्हा गाडी दामटली. माणसाला न भिणारी ही जात दगडाला भिते, हे तात्या जन्मभर बघत आले होते. पण त्या दिवशी त्यांनी ते नीट बघितलं.

रस्ता रुंद करताना ठेकेदाराच्या माणसांनी मैलाचा जुना काळा दगड उपटून तात्यांच्या बांधावर फेकला होता. त्यावर बारामतीचं नाव आणि आकडा कोरलेला. अमावस्येच्या पहाटे तात्यांनी तो पहारीनं लोटत, कण्हत कुथत रस्त्याच्या कडेला नेला. पोरं जिथं रस्ता ओलांडायची बरोबर तिथं रोवला. तेलात शेंदूर कालवला आणि नाव दिसेना, आकडा दिसेना असा जाड थर दिला. पुढं लिंबू ठेवलं, नारळ फोडला. दिवस उगवायच्या आत चिंचमळ्यात देव आला.

घरी सरुबाई वाटच बघत होती.

"आवं, शेंदराची पुडी कुठं गेली? आन तेलाची वाटी?"

"मला काय ठाव?"

"मग बोटं कशानं शेंदरी झाल्यात?"

तात्यांनी हात धोतराला पुसले, म्हणजे आता धोतरही शेंदरी झालं. सगळं ऐकल्यावर सरुबाईनं कपाळावर हात मारला. "देवाच्या नावानं असलं करू नगा. करायला जाल गणपती आन व्हईल मारुती!"

"म्या कुणाला फशिवलं? हा म्हसोबा हाय असं म्या कुणाला म्हणलोय का? म्या नुसता दगड रंगवला. म्होरचं ज्याचं त्यानं ठरवावं."

आणि ज्याचं त्यानं ठरवलंच. चार दिवसांत गाड्या तिथं मंदावू लागल्या. ट्रकवाल्याचा हात कपाळाकडं जायचा, दुचाकीवाला मान झुकवायचा, उसाच्या ट्रॅक्टरवरचा पोरगा गाण्याचा आवाजसुद्धा बारीक करायचा. पुढच्या अमावस्येला तिथं नारळांचा ढीग लागला. हा म्हसोबा फार जुना आहे, रस्त्याच्या कामात गाडला गेला होता, तो आपला आपण वर आला, असं कुणीतरी छातीठोक सांगू लागलं. तात्या ते ऐकून मेथी निवडत बसायचे आणि मिशीत हसायचे. ऑफिसांना जे जमलं नाही ते एका शेंदराच्या पुडीनं केलं, याचा त्यांना केवढा तरी अभिमान वाटायचा. जन्मात इतके खुशीत ते क्वचितच असतील.

प्राचीबरोबर आता आणखी एक हात त्यांच्या हातात यायचा. तो सोनमचा. शाळेला लागून एक इमारत उभी राहत होती, तिथल्या पत्र्याच्या खोपटात तिची आई राहायची. बावड्याकडची बाई, विटा वाहायची. तिच्या आईबापांना तिसरीही मुलगीच झाली म्हणून त्यांनी हिचं नाव नकोशी ठेवलं होतं. नकोशीनं स्वतःच्या पोरीचं नाव मात्र सोनम ठेवलं. सोनम पहिलीत, अंगानं काडी, जीभ मात्र कात्रीसारखी. शाळा सुटली की प्राचीच्या मागं मागं रस्ता ओलांडून तात्यांच्या रानात यायची, कोवळी काकडी मागून खायची, आणि दिवे लागायच्या आत तात्या तिला पलीकडे सोडून यायचे. पोरी रस्त्याला बिचकल्या की ते म्हणायचे, "भ्याचं न्हाय. हितं गाड्या हळू व्हत्यात. देव हाय हितं."

हे ते स्वतःच्या तोंडानं म्हणाले होते. पुढं त्यांना यातला शब्द न् शब्द आठवला.

एक गोष्ट मात्र त्यांच्या हिशेबात नव्हती. ट्रकवाल्यांची जुनी खोड असते. देव दिसला की गाडी न थांबवता खिडकीतून नाणं भिरकवायचं. अलीकडून जाणाऱ्याचं नाणं दगडापाशी पडायचं. पलीकडून जाणाऱ्याचं काही तिथवर पोचायचं नाही. ते रस्त्याच्या मधोमध टणकन पडायचं आणि घरंगळत राहायचं. नाणं पडल्याचा आवाज पोरांच्या कानाला कुठूनही ऐकू येतो. बघता बघता खोपटांतली पोरं, बंगल्यांतली पोरं, शाळा सुटल्यावर सगळी त्या आवाजाच्या मागं लागली. नाणं उचलायचं आणि जोतीरामच्या हॉटेलात बोरकूट घ्यायचं, हा खेळच झाला.

तात्यांनी मेथी निवडणं सोडलं. ते काठी घेऊन दगडाजवळ बसू लागले. लोक चेष्टा करायचे, "काय तात्या, पुजारी झाला जणू!" ते उत्तर द्यायचे नाहीत. पोरं हाकलायचे, शिव्या द्यायचे. एकदा सोनमला भर रस्त्यात वाकलेली बघितली आणि तिचा कान असा पिळला की पोरगी कळवळली. "पुन्यांदा रस्त्यात दिसलीस तर तंगडी मोडीन!"

कान चोळत ती म्हणाली, "गाड्या हळू व्हत्यात की तात्या. देव हाय ना हितं. तुमीच म्हणता."

त्या रात्री तो दगड उपटायचं त्यांच्या मनात आलं होतं. पण दगड काढला की गाड्या पुन्हा उधळणार, आणि प्राचीला त्याच रस्त्यातून जायचं होतं. त्यांनी दगड राहू दिला. आपण बसतोय ना राखण करत, असं मनाला समजावलं.

पण शेतकरी माणूस रोज राखण करत बसू शकत नाही. वांगी तोडायला आली होती. बाजाराच्या दिवशी तात्या क्रेट घेऊन टेम्पोतून बारामतीला गेले. दुपार कलल्यावर परत आले तर म्हसोबापाशी ही गर्दी. त्यांचा जीव प्राचीत अडकला होता म्हणून त्यांनी आधी तिलाच शोधलं. ती सरुबाईला घट्ट बिलगून उभी दिसली आणि त्यांच्या छातीतून सुटकेचा श्वास आला. त्या श्वासाची त्यांना पुढं फार लाज वाटली. कारण गर्दीच्या मध्ये कुणीतरी जुनं लुगडं टाकलं होतं आणि त्याच्याखाली सोनम होती.

उसाचा ट्रॅक्टर पुढं उभा होता. तो चालवणारा पोरगा रस्त्याच्या कडेला बसून जो येईल त्याला तेच तेच सांगत होता. "जोरात न्हवतो ओ! शप्पत, हळू केला व्हता ट्रॅक्टर. हात जोडलं व्हतं म्या. डोळं झाकून पाया पडत व्हतो. मला पोर दिसलीच न्हाय."

तो खोटं बोलत नव्हता. सगळ्यांनी बघितलं होतं. ट्रॅक्टर हळूच होता.

तात्या त्याच्याकडं बघत राहिले. गाडीचा वेग कमी होईल एवढंच त्यांनी धरलं होतं. हात जोडणारा माणूस डोळे मिटतो, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आयुष्यभर देवापुढं त्यांनी स्वतः डोळे मिटले होते, तरीही.

सोनमचे दिवस झाल्यावर जोतीरामच्या हॉटेलापुढं चिंचमळ्याची बैठक बसली. जोतीराम हॉटेलवाला, प्लॉटवाला आणि वस्तीत ज्याच्या शब्दाला वजन असा माणूस. आता तरी रस्त्याचं बोलतील म्हणून तात्या गुडघा फरफटत गेले. जोतीराम उभा राहिला आणि म्हणाला, "चूक आपलीच हाय. एवढा जागृत देव आपुन उघड्यावर ठिवला. ऊन म्हणलं न्हाय, पाऊस म्हणलं न्हाय. त्याचा कोप झाला आन त्यानं बळी घेतला. मंदिर बांधल्याबिगर गत्यंतर न्हाय."

माना डोलल्या. तात्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते काठी टेकत उभे राहिले. "कसला देव? मैलाचा दगड हाय त्यो! रस्तेवाल्यांनी माझ्या बांधावर टाकलेला. म्याच रवला, म्याच रंगवला. गाड्या हळू व्हाव्यात म्हणून. पोर देवानं न्हाय मारली. माझ्या आगाऊपणानं मारली."

तात्यांना वाटलं, आता दगड मारतील. मारले असते तर बरं झालं असतं. जोतीराम पुढं आला आणि त्यानं वाकून तात्यांच्या पायाला हात लावला.

"तात्या, तुमी रंगवला, खरं हाय. पर रंगवायची बुद्धी तुमाला कुणी दिली? समदं रान सोडून त्यो दगड तुमच्याच बांधावर का आला? देवानं तुमच्या हातनं करून घेतलं."

"आरं, खाली बारामतीचा आकडा हाय! चला, खरवडून दावतो!" तात्यांनी कमरेचं खुरपं काढलं. लखननं मागून येऊन त्यांचा हात धरला. "तात्या, घरी चला. लोकं खवळतील," तो कानात म्हणाला. पण त्याच्या पकडीवरून तात्यांना कळलं, लखनलाही तो दगड खरवडलेला बघवणार नव्हता. त्यांच्या पोटचा पोरगाही रोज पाळीला जाताना तिथं हात जोडत होता. एका गोष्टीसाठी त्यांनी सगळ्यांना फसवलं, आणि फसलेल्यांतून आता एकालाही परत आणता येईना.

शेवटची आशा नकोशी. पोरीच्या आईनंच मंदिर नको म्हटलं तर कुणाची छाती होणार नाही, असं वाटून तात्या खोपटात गेले. ती चुलीपुढं बसली होती. तात्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, शेंदूर, तेल, पहार, आणि "देव हाय हितं" हे रोजचं बोलणंसुद्धा. सांगताना त्यांना रडू आवरेना.

"म्हंजी देव न्हाय तितं?" तिनं विचारलं.

"न्हाय, बाई. दगड हाय."

"मग माझी पोर दोन रुपायापायी गेली म्हणायची?"

तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"तात्या, तुमी चांगलं माणूस हायसा. पर एवढं नगा करू. बंगल्यातल्या बाया मला दारात उभं करत न्हवत्या. आता घरात बशिवत्यात, म्हणत्यात, तुजी लेक देवाच्या पायाशी गेली. म्या तितं रोज दिवा लावती. पोर देवानं नेली म्हणती आन रात काढती. त्यो दगड हाय म्हणून म्या रात कशी काढू? तेवढं तरी राहू द्या माझ्याकडं."

तात्यांनी तिच्या पायाला हात लावायला वाकायचा प्रयत्न केला, पण गुडघा वाकला नाही. ते तसेच बाहेर पडले. त्यानंतर दगडाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

मंदिर झालं. चकचकीत फरशी, वर कळस, पुढं घोटीव पायऱ्या. त्या पायऱ्या डांबराला टेकल्या, त्यामुळं पोरं ज्या मातीच्या पट्टीवरून चालायची ती गेली. दर्शनाच्या दुचाक्या दोन्ही बाजूंना लागतात आणि पोरं आता रस्त्यावरूनच चालतात. कलशारोहणाला, रस्ता आमचा पण वस्ती आमची नाही म्हणणारे ते साहेब जोडीनं आले, बदली रद्द करून घेऊन. तात्यांनी पंगतीतच त्यांना गाठलं. "सायेब, ते पट्ट्यांचं?"

साहेबांनी बुंदीचा घास गिळला आणि प्रेमानं म्हणाले, "तात्या, आता साक्षात देव उभा आहे. पट्ट्यांची काय गरज?"

तात्या अजून रोज प्राचीला शाळेत सोडतात. परवा सकाळी दोघं निघाले. आधी उजवीकडं बघितलं, मग डावीकडं, आणि रस्त्यात पाऊल टाकलं. मध्यावर पोचल्यावर तात्यांच्या हातातून तिचा हात सुटला. त्यांनी वळून बघितलं. मंदिराच्या कळसाकडं तोंड करून, भर रस्त्यात, प्राची हात जोडून उभी होती. डोळे गच्च मिटलेले. इंदापूरकडून उसाचा ट्रॅक्टर येत होता. तो हळू झाला होता, आणि त्याच्यावरच्या पोरानंही हात जोडले होते.

"डोळं उघड, पोरी! डोळं उघड!" तात्या ओरडले. ट्रॅक्टरच्या धडधडाटात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. गुडघ्याची पर्वा न करता त्यांनी तिला दंडाला धरून अशी खेचली की दोघंही परत मंदिराच्या पायऱ्यांवर आपटले.

प्राची रडू लागली. दुखलं म्हणून नव्हे, आबांनी देवापुढं असं केलं म्हणून. पायऱ्यांवर दिवा लावायला आलेल्या नकोशीनं तिला उठवलं, तिचं दप्तर झटकलं आणि गाभाऱ्याकडं बघून म्हणाली, "बगा तात्या, देवानंच वाचिवली."

तात्या पायरीवर बसून होते. त्यांनी नुसती मान डोलावली.